रेनेसान्सचं संगीत: वाद्यांच्या आधी पट्टी ठरवा

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. पुण्यात तुमचा दहा जणांचा गायकवृंद आहे: चार सोप्रानो, तीन आल्टो (बायकांचा वरचा आणि खालचा आवाज), दोन टेनर, एक बास (पुरुषांचा वरचा आणि खालचा). सोबत दोन व्हायोलिन, एक चेलो आणि प्लॅस्टिकचे तीन रेकॉर्डर (उभी धरून वाजवायची बासरी). डिसेंबरमध्ये गोव्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम आहे. पॅलेस्ट्रिना या रचनाकाराच्या 'मिस्सा पापे मार्चेल्ली' या चर्चमधल्या उपासनेच्या संगीतातला कीरिए हा पहिला भाग, व्हिक्टोरिया या रचनाकाराचं 'ओ माग्नुम मिस्तेरियुम' आणि सुसातोच्या संग्रहातली दोन-तीन नृत्यं करायची आहेत. त्या काळची, म्हणजे सोळाव्या शतकातली, वाद्यं मिळत नाहीत, मिळाली तरी परवडत नाहीत. मग कार्यक्रम अस्सल होईल का, आणि आवाज अजिबात कंप न देता सरळच लावायचा का, असं तुम्ही विचारता.

मी नेदरलँड्समध्ये राहते, रेकॉर्डर आणि व्हायोला दा गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) वाजवते आणि छोट्या वृंदांच्या तालमी घेते. तुमच्या पत्रात वाद्यांवर बरंच लिहिलं आहे, पण माझं लक्ष गेलं ते शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांकडे. कीरिए गाताना सोप्रानो थकतात, आणि कीबोर्ड बंद केला की रचना संपेपर्यंत सगळा वृंद खाली उतरलेला असतो. तुमची खरी अडचण तिथे आहे. ती सुटल्याशिवाय उद्या कोणी तुम्हाला अख्खा वाद्यसंच आणून दिला तरी फारसा फरक पडणार नाही.

थकण्याचं आधी बघू. सोळाव्या शतकात सगळ्या युरोपाने मान्य केलेली एक पट्टी नव्हती. मधला ए (A) हा स्वर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं हा ठराव विसाव्या शतकातला. व्हेनिसमध्ये बनलेले जे जुने कॉर्नेट आज शिल्लक आहेत, त्यांतले बरेच ४६६च्या आसपास, म्हणजे आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर वर बोलतात. इतर ठिकाणी गायक याहून बरंच खाली गात. (कॉर्नेट म्हणजे चामड्याने मढवलेलं लाकडी वाद्य, भोकं बासरीसारखी, पण फुंकायचं तुतारीसारखं, ओठांनी.) त्यामुळे कागदावर लिहिलेला स्वर म्हणजे अमुक कंपनसंख्या, असं त्या गायकांच्या डोक्यात नव्हतं. आपल्याकडे गाणारा आपली पट्टी सांगतो आणि साथीदार त्या पट्टीत लावून घेतात. त्यांची विचार करण्याची रीत याच्याशी बरीच जुळणारी होती.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आजच्या छापील प्रतींमध्ये बहुधा दिसेनाशी होते. त्या काळी रचनाकार क्लेफचे (कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण) दोन मुख्य संच वापरत. एक नेहमीचा, एक उंच. उंच संचाला आज कियावेत्ते म्हणतात. त्यात लिहिलेली रचना दिसते वर, पण गाताना ती खाली घ्यायची असा रिवाज होता. मिखाएल प्रिटोरियस या जर्मन संगीतकाराने १६१९च्या आसपास हा नियम स्पष्ट नोंदवला आहे: उंच क्लेफची रचना ऑर्गनवर किंवा ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यावर घेताना सुरुवातीला बी फ्लॅटची खूण असेल तर षड्ज-मध्यमाएवढी खाली आणायची, नसेल तर षड्ज-पंचमाएवढी. 'मिस्सा पापे मार्चेल्ली' १५६७ मध्ये छापली गेली ती अशाच उंच क्लेफमध्ये. तुमच्या प्रतीत ती ट्रेबल आणि बास क्लेफमध्ये उतरवली असणार आणि स्वर तसेच ठेवले असणार. म्हणजे जे सूर रोममधल्या गायकांनी तिथे गायलेच नसावेत, ते गाताना तुमच्या सोप्रानो थकताहेत. त्यांच्या गळ्यात काही खोट नाही.

प्रत उघडा आणि पहिल्या ओळीच्या डावीकडे छोट्या अक्षरात मूळ क्लेफ दिले आहेत का बघा. चांगली आवृत्ती ते देतेच. वरच्या आवाजाला 'जी' (G) नावाची क्लेफ असेल आणि सगळ्यात खालच्या आवाजाला नेहमीची बास क्लेफ नसून तिच्याहून वरची असेल, तर ती रचना उंच संचातली. व्हिक्टोरियाच्या रचनेचंही हेच तपासा.

आता 'नियमाप्रमाणे खाली घ्या' असं मी सरळ सांगू शकत नाही, कारण इथे तुमची परिस्थिती आड येते. पोपच्या चॅपेलमध्ये सगळे पुरुष गात. वरचा आवाज खोट्या आवाजात गाणाऱ्या पुरुषांचा, आणि ज्याला आपण आल्टो म्हणतो तो बहुधा उंच टेनरचा. कीरिए सहा आवाजांचा आहे: एक सोप्रानो, एक आल्टो, दोन टेनर, दोन बास. तो नियमाप्रमाणे पूर्ण खाली आणला तर त्यातला आल्टो तुमच्या बायकांना फार खाली जाईल, आणि उरलेल्या चार आवाजांसाठी तुमच्याकडे पुरुष तीनच. म्हणून मी तुमच्या जागी असते तर एक पूर्ण स्वर खाली घेऊन बघितलं असतं, मग दीड. जिथे सोप्रानोंचा गळा मोकळा होतो आणि आल्टोचे खालचे स्वरही ऐकू येतात, तिथे थांबायचं. तिघी आल्टोंपैकी जिचा आवाज खाली भरदार लागतो तिला वरचा टेनर द्या. दुसरा बास चेलोला द्या. त्याबद्दल अपराधी वाटायचं कारण नाही. पुढे येते त्यावर.

बायकांची संख्या जास्त म्हणून तुमचा वृंद कमी अस्सल, असंही मानू नका. फेरारा शहरातल्या सान व्हितो मठातल्या जोगिणींचं वर्णन बोत्रिगारी या संगीतलेखकाने १५९४ मध्ये केलं आहे. तेवीस जणी गात आणि कॉर्नेट, ट्रॉम्बोनसकट सगळी वाद्यं स्वतः वाजवत. पुरुषांचे आवाज नव्हते म्हणून त्या थांबल्या नाहीत.

आता खाली उतरण्याबद्दल. तुमचा वृंद कीबोर्डवर सूर घेऊन शिकतो आणि मग कीबोर्डशिवाय गातो. कीबोर्डवरचा मोठा तिसरा स्वर, आपला शुद्ध गंधार, षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). निसर्गतः जुळणारा गंधार ३८६वर असतो. चौदा सेंटचा हा फरक तुमच्या कानांना नवा नाही: तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो ३८६चा गंधार, आणि पेटीवर दाबतो तो ४००चा. पेटीचा गंधार चढा लागतो ही तक्रार आपल्याकडे किती जुनी आहे! पॅलेस्ट्रिना आणि व्हिक्टोरियाची सगळी रचना या खालच्या, शांत गंधारावर उभी आहे. त्या काळचे ऑर्गनही त्याच बेताने लावत. पिएत्रो आरोन या इटालियन संगीतशास्त्रकाराने १५२३ मध्ये जी लावण्याची रीत सांगितली, तिला आज मीनटोन म्हणतात. तिच्यात प्रत्येक पंचम किंचित, साधारण पाच सेंट, उतरवायचा आणि त्या बदल्यात गंधार स्वच्छ मिळवायचा.

मग वृंद उतरतो का? एक कारण साधं आहे: श्वास संपत येतो, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर लक्ष सुटतं. पण दुसरं कारण गणितातच आहे. षड्जापासून चार शुद्ध पंचम वर चढत गेलात, तर मिळणारा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे २२ सेंट वर असतो. दोघांना एकाच वेळी खरं ठरवता येत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याशी अगदी चोख जुळवत गेला, तर काही ठिकाणी संपूर्ण वृंदाचा पायाच सरकतो. बेनेदेत्ती नावाच्या गणितज्ञाने हे उदाहरणासकट दाखवलं, आणि ते १५८५ मध्ये छापलं गेलं. म्हणजे प्रश्न तुमच्या वृंदाचा एकट्याचा नाही.

मी तालमीत काय करते ते सांगते. कीबोर्ड बंद. रचनेचा शेवटचा स्वर ज्यावर आहे तो षड्ज धरून तानपुरा लावायचा, मोबाइलवरचा चालेल. व्हिक्टोरियात 'ओ बेआता व्हिर्गो' या शब्दांवर चारही आवाज एकदम येतात, ती जागा घ्यायची. आधी फक्त बास आणि त्याचा पंचम, मग तिसरा स्वर गाणाऱ्याने हळूच आत यायचं. कीबोर्डवर वाढलेला गायक इथे नेहमी वर येतो. त्याला किंचित खाली यायला सांगा. एका क्षणी आवाजातली थरथर थांबते आणि खोली भरल्यासारखी वाटते. ते प्रत्येकाने एकदा कानाने अनुभवलं की पुढच्या तालमीत सांगावं लागत नाही. त्यानंतर पूर्ण रचना तानपुऱ्याशिवाय गायची आणि फक्त विरामाच्या जागांवर तानपुरा क्षणभर चालू करून बघायचं: इथपर्यंत आपण घरी आहोत का? नेमकं कुठे निसटतं ते दोन-तीन वेळातच सापडतं. बहुतेकदा ती एकच जागा असते, आणि एकाच आवाजातली.

कीबोर्ड हवाच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मीनटोन आहे का पाहा, बऱ्याच डिजिटल कीबोर्डवर असतो. पण पट्टी बदलल्यावर कोणते काळे स्वर लागतात ते तपासा. मीनटोनमध्ये डी शार्प आणि ई फ्लॅट हे एकच नसतात. ई फ्लॅटला लावलेला काळा स्वर डी शार्प म्हणून वापरलात तर कान फाटतील.

आवाज सरळ लावायचा का? 'त्या काळी कंप नव्हता' हे विधान मी करणार नाही. प्रिटोरियस चांगल्या गायकाच्या गुणांमध्ये आवाजातली सुंदर थरथर मोजतो, फक्त ती बेताची असावी म्हणतो. त्सार्लिनो हा इटालियन संगीतशास्त्रकार १५५८ मध्ये लिहितो की चर्चमध्ये पूर्ण आवाजाने गावं आणि खासगी बैठकीत दबलेल्या, मृदू आवाजाने. म्हणजे तेव्हाही एकच आवाज सगळीकडे चालत नव्हता. माझी कसोटी आताच सांगितलेल्या गंधाराची आहे: तुमच्या कंपाने तो गंधार पुसट होत असेल तर कंप कमी करा, नसेल तर राहू द्या. कंप दाबायचा म्हणून घसा आवळलेला आवाज मी खूप ऐकला आहे, आणि तो कुठल्याच शतकाचा नसतो. श्वास मोकळा ठेवा आणि शब्दांकडे लक्ष द्या. लांब स्वरावर जोर एकसारखा न ठेवता शब्दाच्या आघातावर तो वाढू द्या आणि पुढे सोडा. कंप निम्म्याहून जास्त आपोआप जिरतो.

लॅटिनचा उच्चार एकच ठरवा आणि सगळ्यांनी तोच पाळा. सोळाव्या शतकात प्रत्येक देश आपापल्या उच्चाराने लॅटिन म्हणायचा. स्वर्ग या अर्थाचा शब्द इटलीत 'चेली', जर्मनीत 'त्सेली', फ्रान्समध्ये 'सेली'. तुमच्या दोन्ही धार्मिक रचनांचा संबंध इटलीशी आहे. व्हिक्टोरिया स्पॅनिश असला तरी हे मोटेट (अनेक आवाजांचं धार्मिक गीत) १५७२ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं आणि तेव्हा तो रोममध्ये होता. त्यामुळे इटालियन उच्चार निःशंकपणे घ्या.

आता वाद्यं. पोपच्या स्वतःच्या चॅपेलमध्ये वाद्यं नसत, आणि 'आ कापेल्ला', म्हणजे वाद्यांशिवाय गाणं, ही कल्पना तिथूनच पसरली. पण तो अपवाद होता. स्पेन आणि पोर्तुगालच्या मोठ्या चर्चमध्ये पगारी वादक असत. सेव्हियाच्या कॅथेड्रलचा संगीतप्रमुख फ्रान्सिस्को गेरेरो याने १५८६ मध्ये वादकांना लेखी सूचना दिली होती, ती मला फार आवडते: 'साल्वे' या मरियेच्या स्तोत्राच्या तीन कडव्यांपैकी एक शॉमवर वाजवा, एक कॉर्नेटवर आणि एक रेकॉर्डरवर, कारण एकच वाद्य सारखं ऐकून लोक वैतागतात. (शॉम म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य.) बास आवाजाला आधार म्हणून तिथे बाशोन हे आजच्या बासूनचं पूर्वज वाद्य गायकांबरोबर वाजायचं. तुमच्या चेलोने नेमकं तेच काम करायचं आहे. आणि तुम्ही जाताय गोव्याला. तिथे सोळाव्या शतकात जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या शाळांमध्ये मुलांना अनेक आवाजांचं गाणं शिकवत, आणि सणाच्या दिवशी शॉमही वाजत. गोव्यातल्या चर्चमध्ये गायकांच्या जोडीला वाद्यं ऐकू येणं हे तिथल्या परंपरेला धरूनच आहे.

रेकॉर्डरबाबत मात्र सावध राहा. सोप्रानो रेकॉर्डर लिहिलेल्या स्वराच्या एक सप्तक वर वाजतो. तो एकटा सोप्रानो आवाजाच्या बरोबर दिलात तर वर शिट्टीसारखा तरंगत राहील. रेकॉर्डरचा संच एकत्र वाजला तर तो आपलं वेगळं, एक सप्तक वरचं जग तयार करतो आणि छान लागतो. म्हणून तिघांना मिळून तीन आवाजांची एखादी छोटी रचना दोन गाण्यांच्या मध्ये द्या, आणि नृत्यांत वापरा, कीरिएमध्ये नको. शिवाय त्यांची पट्टी साच्यातच ठरलेली असते, बहुधा ४४० ते ४४२. उबेत ती चढते, गोव्यात डिसेंबरातही दुपारी चांगलीच ऊब असते. व्हायोलिन-चेलोंनी रेकॉर्डरला लावून घ्यायचं, उलट नाही.

जिभेचा आघात हा रेकॉर्डरचा प्राण आहे. सिल्व्हेस्त्रो गानास्सीचं १५३५चं पुस्तक सुरूच होतं ते वाद्याने माणसाच्या आवाजाची नक्कल करावी या मुद्द्यावर, आणि मग तो अक्षरं देतो: 'तेके तेके' कडक, 'तेरे तेरे' मधलं, 'लेरे लेरे' मऊ. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे शिकवायला पाच मिनिटंही लागू नयेत. आधी तोंडाने म्हणा, मग वाद्यात फुंका. सगळे स्वर 'तू तू तू' असे सारखे आले की नृत्य मरतं.

सुसातोचा १५५१चा संग्रह तर मुखपृष्ठावरच सांगतो की ही नृत्यं सगळ्या वाद्यांवर वाजवण्याजोगी आहेत. इथे तुमची व्हायोलिन अगदी घरची. जांब द फेर हा फ्रेंच संगीतलेखक १५५६ मध्ये लिहितो की व्हायोलिन हे नाचासाठीचं वाद्य. सभ्य लोक घरी वाजवत ते व्हायोल, म्हणजे व्हायोला दा गांबाच्या कुळातली वाद्यं. डाव्या हाताचा कंप बंद, गज थोडा वरून धरलेला, स्वरांमध्ये हवा. आतड्याच्या तारा घ्याव्यात का, असंही तुम्ही विचारलंय. या कार्यक्रमासाठी घेऊ नका. दमट हवेत त्या सारख्या सरकतात, आणि पुण्याहून किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना बसायला दिवस लागतील. घ्यायच्याच असतील तर आतड्यासारख्या कृत्रिम तारा मिळतात, त्या दमटपणाला बऱ्याच पुरून उरतात. एक ढोलकं जोडा. आर्बोच्या १५८९च्या नृत्यग्रंथात पावान या संथ नृत्याचा ठेका दिला आहे, एक लांब आणि दोन आखूड, तेवढाच सतत. आपल्या हाताला लगेच त्यात भरणा करावासा वाटेल. करू नका, नाचणाऱ्याची पावलं त्या साधेपणावर चालतात. धार्मिक रचनांमध्ये मुरक्या-हरकतींचा मोहही टाळा. त्या काळी अलंकार होतेच, पण त्यांची रीत निराळी आहे, आणि दोन आवाजांनी एकाच वेळी सजावट केली की सगळं विस्कटतं.

डिसेंबरपर्यंत एकच सवय बदलता येणार असेल तर ही बदला: काही तालमींसाठी एकत्रित प्रत बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला फक्त आपला आवाज लिहिलेला कागद द्या, शक्यतो बारच्या (मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या) रेषांशिवाय. तेव्हा सगळे असंच गात. प्रत्येक आवाजाची वेगळी वही असायची, किंवा एका मोठ्या पोथीभोवती सगळे उभे राहायचे. पहिल्या तालमीत गोंधळ होईल. दुसऱ्यात लोक एकमेकांना ऐकायला लागतील, कारण दुसरा काही इलाज नसतो. बारची रेषा नसली की प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर पडणारा जोर जातो आणि शब्दाचा आघात जागेवर येतो. हाताने फक्त वर-खाली असा शांत ठोका द्या. गाफुरियो या इटालियन संगीतशास्त्रकाराने १४९६ मध्ये त्याची गती शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीएवढी सांगितली आहे. चर्चमध्ये आवाज घुमत असेल तर ती थोडी संथ करा. व्हिक्टोरियाच्या शेवटी 'आलेलुया'ला तीनाची लय येते, तिथे हाच ठोका चालू ठेवून त्यात तीन बसवा. मनाने वेग वाढवला की ती जागा उथळ होते.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: प्रतीवर मूळ क्लेफ कोणते दिले आहेत, तुमच्या बासचा आरामात लागणारा सगळ्यात खालचा स्वर कोणता, आणि तीन रेकॉर्डर नेमक्या कोणत्या आकाराचे आहेत. एवढं कळलं की कीरिए किती खाली घ्यायचा आणि रेकॉर्डरला कोणती रचना द्यायची हे नक्की सांगते.